सहलीचा आराखडा आणि ‘काइ’ हे अक्षर

प्रवासवर्णने आपल्याकडे उदंड लिहिली जातात. प्रवासाच्या आराखड्याविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक माणूस नेमका कशासाठी घराबाहेर पडतो आहे, हे परत आल्यानंतरच्या छायाचित्रांपेक्षा निघण्यापूर्वीच्या वहीतून अधिक स्पष्ट दिसते. कोणती ओळ आधी लिहिली, कोणती मागाहून खोडली, कोणत्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढले, यावरून त्या माणसाच्या आवडीनिवडीच नव्हे, तर त्याच्या घरातील नात्यांचाही अंदाज बांधता येतो. गेले चार महिने आमच्या अशा वहीत जपान आहे. तीत क्योतोची मंदिरे नाहीत आणि चेरीचा बहरही नाही. तीत आहेत एक वाहनतळ, जुन्या सुट्या भागांचे एक दुकान, एक घाट आणि शर्यतींचा एक आखूड मार्ग. कारखान्यातून आलेली मोटार आपल्या मनाप्रमाणे बदलून घेण्याची जी एक संस्कृती जपानमध्ये गेल्या पन्नासएक वर्षांत रुजली, तिच्याभोवती ही सहल आखलेली आहे.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. दोघेही कोल्हापुरात वाढलो. आता एक पुण्यात नोकरी करतो, दुसरा कोल्हापुरातच असतो. बेत मुळात आम्हा दोघांचाच होता. त्यात तिसरे माणूस आले ते म्हणजे आबा, आमचे वडील. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. आयुष्याची चाळीस वर्षे त्यांनी उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंग मशीनवर काढली. बेत ऐकल्यावर त्यांची पहिली प्रतिक्रिया अशी होती: “तितं जाऊन रस्त्याकडंला उभारून गाड्या बघायच्या? गाड्या हितंबी हायत की.” आणि थोड्या वेळाने, पेपराची घडी घालता घालता: “काम कुठं बघायला मिळंल?” हा दुसरा प्रश्न आमच्या वहीत उतरला आणि तिथून पुढे आराखड्याचे स्वरूपच बदलत गेले.

ही संस्कृती म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारण आपल्याकडे तिची ओळख झाली ती चित्रपट आणि संगणकीय खेळ यांच्या द्वारा. 2003 साली आलेला ‘नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड’ हा खेळ आणि 2006 सालचा ‘टोकियो ड्रिफ्ट’ हा चित्रपट यांनी आमच्या पिढीपुढे जे जपान उभे केले, त्यात निऑनचे दिवे होते, धूर होता, आणि पोलिसांना हुलकावणी देणारी तरुण मुले होती. ते चित्र सर्वस्वी खोटे नव्हे. परंतु त्या दिव्यांच्या मागे एक वर्कशॉप असते आणि त्या वर्कशॉपचा इतिहास निराळा आहे. एचकेएस ही कंपनी 1973 साली फुजी पर्वताच्या परिसरात सुरू झाली आणि सामान्य गाड्यांना टर्बो बसवण्याचे साहित्य तिने बाजारात आणले. 1981 साली ‘ऑप्शन’ हे मासिक निघाले. त्याचे संपादक इनादा दाइजिरो यांनीच 1983 मध्ये बदललेल्या गाड्यांचे प्रदर्शन भरवले. आज ‘टोकियो ऑटो सलोन’ या नावाने ते दर जानेवारीत चिबा येथील माकुहारी मेस्से या भव्य सभागृहात भरते. ज्या उद्योगाकडे मोटार कंपन्या एके काळी सावत्र नजरेने पाहत, त्याच्या प्रदर्शनात आज त्याच कंपन्या आपापली दालने मांडतात.

या भरभराटीला एक चमत्कारिक करार कारणीभूत झाला. 1989 च्या सुमारास जपानी मोटार कंपन्यांनी आपसांत ठरवले, की 280 पेक्षा अधिक अश्वशक्तीची गाडी देशात विकायची नाही. कायदा नव्हता, नुसता संकेत होता. तो 2004 पर्यंत पाळला गेला. पण इंजिने बनवणारे अभियंते काही हात आखडून बसले नव्हते. निस्सान स्कायलाइन जीटी-आरचे 2.6 लिटरचे किंवा टोयोटा सुप्राचे तीन लिटरचे इंजिन त्याहून कितीतरी अधिक ताण सोसेल असे घडवलेले होते. कागदावर 280 आणि पोलादात त्याच्या दुपटीची तयारी! या दोहोंमधील मोकळ्या जागेत ट्यूनिंग करणाऱ्या कारागिरांनी आपले घर बांधले.

हे केवळ बलाढ्य गाड्यांपुरते नव्हे. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800 ही मुळात सुझुकीच्या छोट्या गाडीची बहीण. 796 सीसीचे इंजिन आणि चाळीसच्या आतबाहेर अश्वशक्ती. तिने आमच्या आईवडिलांच्या पिढीला पावसात कोरडे राहायला शिकवले. त्याच सुझुकीने 1987 साली स्वतःच्या देशात ‘आल्टो वर्क्स’ नावाची गाडी काढली: इंजिन अवघे 543 सीसीचे, शक्ती 64. मारुतीपेक्षा लहान इंजिनातून दीडपटीहून अधिक ताकद! तेव्हापासून 64 हीच या छोट्या गाड्यांची अलिखित मर्यादा ठरून गेली. हा आकडा आम्ही आबांना सांगितला तेव्हा त्यांनी टर्बोविषयी काही विचारले नाही, “एवढ्या गरमीत पिस्टन टिकवला कसा?” एवढेच विचारले. आम्ही दोघे आकड्यांवर भाळतो; आबा धातूची काळजी करतात. हा भेद आराखड्यात शेवटपर्यंत राहिला.

पहिला वाद वेळापत्रकाचा झाला. जानेवारीत गेल्यास ऑटो सलोन मिळतो, पण डोंगरातले रस्ते गोठलेले असतात. उन्हाळ्यात घाट मोकळे असतात, पण शर्यतीच्या मार्गावर त्या दिवसांत फारसे कोणी घड्याळाशी झुंजत नाही. कारण साधे आहे. थंड हवा दाट असते. तेवढ्याच जागेत प्राणवायू अधिक मावतो, इंजिनाला दम अधिक मिळतो आणि टर्बोही गरम होऊन गळत नाही. म्हणून त्सुकुबासारख्या मार्गावर विक्रमांचा हंगाम हिवाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो. इबाराकी प्रांतातील हा मार्ग 1970 साली सुरू झाला. लांबी जेमतेम 2.045 किलोमीटर. ‘एका मिनिटाच्या आत एक फेरी’ ही तेथील मानाची रेषा. नोव्हेंबरचा अखेरचा पंधरवडा हा आमच्या दृष्टीने मध्यम मार्ग ठरला: डोंगर अद्याप चढण्याजोगे, हवा पुरेशी थंड. ऑटो सलोनवर काट मारली. धाकट्याला ती काट बरेच दिवस झोंबली; पण गर्दीच्या सभागृहात आबांना दिवसभर उभे ठेवणे शक्य नाही, हे त्यालाही दिसत होते. गुडघे कोणाच्या हौसेची वाट पाहत नाहीत. पुढच्या वर्षी जाऊ, असे म्हणण्याची मुभा या सहलीला नाही, हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवले नाही. पण प्रत्येक तारीख ठरवताना ते आमच्या मध्ये बसलेले असे.

दुसरा वाद दाइकोकूचा. योकोहामाच्या बंदरात भराव टाकून केलेल्या बेटावर, द्रुतगती मार्गाच्या वर्तुळाकार पुलांच्या वेटोळ्यात, हा वाहनतळ आहे. प्रवाशांनी थांबावे, चहा प्यावा, पुढे जावे, एवढाच त्याचा उद्देश. पण शनिवार-रविवारच्या रात्री तेथे देशभरच्या बदललेल्या गाड्या येऊन उभ्या राहतात, आणि आज जगातील कोणत्याही मोटारवेड्याला ते ठिकाण ठाऊक आहे. तेथे पायी जाता येत नाही. द्रुतगती मार्गावरून मोटारीनेच पोहोचावे लागते. म्हणजे पाहुण्यालाही चाके हवीत. गोंगाट आणि गर्दी वाढली की पोलीस येतात, ध्वनिक्षेपकावरून सूचना देतात आणि वाहनतळ बंद करतात.

परदेशी पाहुण्यांना रात्री तेथे नेण्याच्या जाहिराती आता पुष्कळ दिसतात. स्कायलाइनमध्ये बसवून, बंदराकाठच्या रस्त्याने, फोटोंसह. यात एक बारकावा आहे. जपानमध्ये भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला हिरवी पाटी लागते. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून पैसे घेऊन माणसे नेणे हा तेथे गुन्हा आहे. धाकट्याचे म्हणणे, हे चालकाने पाहावे, आपण कशाला पाहायचे? थोरल्याचे म्हणणे असे, की ज्या लोकांची जागा पाहायला आपण चाललो आहोत, त्यांच्याच जागेवर पोलिसांचा रोष ओढवणाऱ्या व्यवहारात आपले पैसे जाऊ नयेत. दोन रविवार या विषयावर गेले. शेवटी निष्पन्न झाले ते असे: आपणच गाडी भाड्याने घ्यावी आणि रविवारी सकाळी जावे. त्या वेळी गर्दी निवळलेली असते, जुन्या गाड्यांचे वयस्क मालक येतात आणि आबांना बसायला बाकही मिळते.

गाडी चालवण्याची अडचण आम्ही समजत होतो तेवढी निघाली नाही. जपान 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मानतो आणि भारत त्या करारात आहे. आरटीओतून तो परवाना वर्षभरासाठी मिळतो. तेथेही वाहने डाव्या बाजूने चालतात, सुकाणू उजवीकडे असते. एक गोष्ट मात्र आम्हांला विशेष आवडली. तेथील पाटीवर आकड्यांच्या शेजारी एक लिपिचिन्ह असते आणि भाड्याच्या गाडीवर बहुधा ‘वा’ हे चिन्ह असते. म्हणजे आपण कोण, हे पाटीच सांगते. दाइकोकूच्या त्या वाहनतळावर आमची साधी, कारखान्यातून आली तशीच असलेली गाडी उभी राहील, तेव्हा ‘वा’ पाहून प्रत्येकाला कळेल, की हे पाहुणे आहेत. पाहुण्याने विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, बॉनेटला हात लावू नये, आवाज चढवू नये. इतके पाळले की पुरे.

तिसरे ठिकाण हारुना. शिगेनो शुइची यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा 1995 ते 2013 अशी अठरा वर्षे चालली. तीत वडिलांच्या दुकानाचा तोफू पोहोचवणारा एक मुलगा जुन्या टोयोटा एई86 गाडीने रात्री घाट उतरतो. कथेतील आकिना डोंगर म्हणजे गुन्मा प्रांतातील हारुना. डोंगरी रस्त्याला जपानी भाषेत ‘तोगे’ म्हणतात. मराठी वाचकाला तो शब्द उलगडून सांगण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे घाट हा शब्द आहे आणि कोल्हापूरकराला तर आंबा, फोंडा, गगनबावडा असे घरचेच आहेत. घाटात जिंकतो तो अश्वशक्तीवर नव्हे, तर ब्रेक कोठे दाबायचा हे जाणण्यावर, हे एसटीच्या पहिल्या बाकावर बसून आम्ही लहानपणीच शिकलो होतो. हारुनाच्या वळणांवर आता गाड्या घसरवता येऊ नयेत म्हणून रस्त्यालाच उंचवटे घातले आहेत. गोष्ट जगभर गेली. रस्त्याकाठी राहणाऱ्यांना मात्र रात्री झोप हवी होती. दोन्ही खरे आहे. कथेतील दुकान ज्यावरून चितारले, ते प्रत्यक्षातले तोफूचे दुकान पाडले गेले. त्याची पाटी आणि दर्शनी भाग इकाहोजवळच्या खेळणी-मोटारींच्या संग्रहालयात जपलेला आहे. आम्ही तो घाट दिवसा, सावकाश चढणार आहोत आणि इकाहोच्या गरम पाण्याच्या कुंडात आबांचे गुडघे शेकणार आहोत. 365 पायऱ्यांची जी प्रसिद्ध वाट तेथे आहे, ती खालूनच पाहायची असे ठरले आहे.

आता त्या अक्षराविषयी, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

जपानमध्ये खाजगी मोटारीची सक्तीची तपासणी असते. तिला ‘शाकेन’ म्हणतात. नवी गाडी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, चाकांचा कल, सर्व काही यंत्रावर तपासले जाते. गाडीची जमिनीपासून उंची किमान नऊ सेंटिमीटर हवी. इतका कडक देश बदललेल्या गाड्यांना थारा कसा देतो, हे आम्हांला कोडे होते. उत्तर असे, की 1995 साली तेथील नियम बरेच सैल झाले, पण तपासणी सैल झाली नाही. लांबीत तीन, रुंदीत दोन, उंचीत चार सेंटिमीटरपर्यंतचा फरक असेल तर सुटे भाग बसवून तशीच तपासणी देता येते. त्यापलीकडचा मोठा बदल करायचा, उदाहरणार्थ निराळ्या क्षमतेचे इंजिन बसवायचे, तर बदलाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाली, की गाडीच्या अधिकृत कागदावर तिच्या नमुन्याच्या क्रमांकापुढे शासन एक अक्षर लिहिते: ‘काइ’. अर्थ, बदललेली.

हेच अक्षर ‘काइझो’ या शब्दात आहे. काइझो म्हणजे फेररचना. आणि हेच ‘कायझेन’मध्ये आहे! आमच्याकडील कारखान्यांच्या भिंतींवर कायझेनचे फलक लागून आता तीसएक वर्षे होत आली. त्या शब्दाचा अर्ध्याहून अधिक महाराष्ट्राला परिचय आहे, पण त्याचे सख्खे भावंड आपल्यापर्यंत आले नाही. व्यवस्थापनाने सुचवलेली सुधारणा आपण आयात केली. माणसाने आपल्या वस्तूत स्वतःच्या हाताने केलेला बदल मात्र तेथेच राहिला.

आपल्याकडची स्थिती नेमकी उलटी आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तेवढ्या काळात धुराचे प्रमाणपत्र सोडले तर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ब्रेक झिजले, स्टिअरिंग सैल झाले, तरी ती रस्त्यावर वैध. परंतु सीएनजी किटसारखे मोजके परवानगीचे अपवाद वगळता उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल केला तर ती अवैध. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा हाच अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद झाली. आपल्या रस्त्यांवरचे कर्णे आणि डोळे दिपवणारे दिवे पाहिले, की या कडकपणाची गरज पटते. तरीही एक प्रश्न उरतो. एक देश म्हणतो, बदल करा, पण दर दोन वर्षांनी येऊन दाखवा. दुसरा म्हणतो, बदलू नका, आणि मग आम्हीही पंधरा वर्षे पाहणार नाही. यांतला कोणता देश आपल्या कारागिरावर अधिक विश्वास ठेवतो? विश्वास आणि तपासणी या परस्परविरोधी गोष्टी आहेत अशी आपली समजूत आहे. वास्तविक ज्याची तपासणी करता येते, त्याच्यावरच विश्वास टाकता येतो.

हे सारे आम्ही आबांना वाचून दाखवले. त्यांनी फक्त विचारले, “म्हंजे बदल केल्याला कागदावर लिवत्यात?” आणि मग कधी नव्हे ते बोलत राहिले. पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा जीपला, फियाटला डिझेल इंजिन बसवून घ्यायला माणसे उद्यमनगरात येत. नवे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळत नसे. मधली प्लेट आबा लेथवर करत; सेंटर दोन-तीन थाऊंनी जरी हलला, तरी महिन्याभरात बेअरिंग ओरडू लागे. जपानी तरुणांनी गाडी बदलली ती वेगासाठी. आपल्या माणसांनी बदलली ती महिन्याचा खर्च भागावा म्हणून. हेतू निराळा, हात तोच. त्या गाड्यांपैकी ज्यांची रीतसर नोंद झाली, त्यांच्या आरसी बुकात इंजिनाचा क्रमांक आला. प्लेट कोणी केली ते कोठेच आले नाही. ‘काइ’ हे अक्षरही मिस्त्रीचे नाव सांगत नाही, हे मान्य. पण ते इतके तरी सांगते, की कोणीतरी काम केले, कोणीतरी ते मोजून पाहिले आणि ते बरोबर निघाले. आबांच्या चाळीस वर्षांना असे अक्षर मिळाले नाही.

अर्थात तिकडेही सर्व आलबेल आहे असे नव्हे. नव्वदीच्या दशकातील ज्या गाड्यांवर ही संस्कृती उभी राहिली, त्या आता देशाबाहेर चालल्या आहेत. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी गाडी आयात करण्यास आडकाठी राहत नाही. त्यामुळे 1989 सालची स्कायलाइन 2014 पासून आणि 1999 सालची 2024 पासून तिकडे जाऊ लागली आणि किमती सामान्य जपानी तरुणाच्या हाताबाहेर गेल्या. आपण ज्याच्या कौतुकाला निघालो आहोत, त्या कौतुकाच्याच भाराने ते महाग होते आहे. आम्ही तीन माणसे गेल्याने त्यात भर पडणारच. म्हणून जावे ते थोडे पाहायला, आणि ज्याचे त्याला देऊन यावे, एवढेच आम्ही ठरवू शकलो.

व्हिसाच्या अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. आमचा नऊ दिवसांचा तक्ता आता पक्का झाला आहे. टोकियोत दोन दिवस, पैकी एक ‘अप गॅरेज’ या जुन्या सुट्या भागांच्या दुकानासाठी. तेथे कोणीतरी काढून टाकलेले आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणारे भाग रॅकवर मांडलेले असतात, आणि आबांना त्यांतला प्रत्येक उचलून पाहायचा आहे. रविवारी सकाळी दाइकोकू. दोन दिवस इकाहो आणि हारुना. एक दिवस त्सुकुबा, जेथे लोक घरच्या गाड्या घेऊन सरावाला येतात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉनेट उघडून काम करतात. काम पाहण्याची आबांची अट बहुधा तेथेच पुरी होईल. येण्याजाण्याचे दोन दिवस. उरलेल्या एका दिवसापुढे आम्ही काही लिहिलेले नाही. एखाद्या लहान वर्कशॉपच्या दारात उभे राहून आत येऊ का, असे विचारायचे आहे. ते नाही म्हणू शकतात. तसा त्यांना अधिकार आहे.

त्या दिवसासाठी आबांची तयारी मात्र आमच्यापेक्षा पुढे आहे. नमस्कार, आभार, माफ करा, हे शब्द त्यांनी आमच्यावर सोपवले आहेत. स्वतःसाठी त्यांनी एकच जपानी शब्द मागून घेतला आणि धाकट्याकडून तो देवनागरीत जाड अक्षरांत लिहवून घेतला. ती चिठ्ठी सध्या त्यांच्या चष्म्याच्या डबीत असते. शब्द आहे ‘सेनबान’. अर्थ, लेथ.